अमेरिकेने विचारलेली जात

आमच्या अमरावतीत शाळा शिकलेला एक बावीस वर्षांचा तरुण १९०६ साली अमेरिकेला गेला. पाच वर्षे तिथे राहिला, डॉक्टरेट मिळवली, एक ग्रंथ लिहून तिथेच छापला आणि परत येऊन मराठीला तेवीस खंडांचा ज्ञानकोश देऊन गेला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. ज्ञानकोश घरात नसला तरी ऐकलेला असतो, 'ब्राह्मणकन्या' कधीतरी वाचनालयातून आणलेली असते, त्यांच्या विक्षिप्तपणाच्या चार गोष्टीही कानावर आलेल्या असतात. पण त्यांच्या आयुष्यातली ती पाच अमेरिकन वर्षे आपण फार झटकन ओलांडतो. गेले, शिकले, परत आले, एवढ्यात ती संपतात.

मला ती वर्षे मोलाची वाटतात, त्याचे कारण अगदी घरगुती आहे. अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेत काय, आज कोणाकडे चहाला गेलो तर मुलगा टेक्सासला किंवा सून न्यू जर्सीला असते. जाण्याआधी मुलाला कुकर लावायला शिकवतात, जवसाची चटणी बांधून देतात, थंडीचे कपडे घेतात. पण कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत शेजारचा सहकारी आपल्या देशाबद्दल काहीबाही विचारील तेव्हा काय सांगायचे, हे कोणी शिकवत नाही. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. त्याच्याजवळ एक तयार चित्र असते आणि समोरचा माणूस त्या चित्रात कुठे बसतो, एवढेच त्याला पाहायचे असते. मग कोणी चिडतो, कोणी लाजतो, कोणी आपण त्यातले नव्हेच असे भासवतो. केतकरांनी यातले काहीच केले नाही.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४चा, रायपूरचा. शिक्षण मात्र अमरावतीला झाले. त्या वेळची अमरावती म्हणजे कापसाची पेठ आणि वकिलांची राजधानी. दादासाहेब खापर्डे यांचा दबदबा होता. १८९७च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि दादासाहेब स्वागताध्यक्ष. श्रीधर तेव्हा चौदाव्या वर्षात होता. गावात देशभरचे पुढारी उतरलेले असताना त्या वयाचा चौकस मुलगा घरात बसून राहिला असेल असे मला तरी वाटत नाही.

आणि अमेरिका? ती वऱ्हाडाला तेव्हाही परकी नव्हती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. युद्ध संपले तसा भावही उतरला. तिकडच्या पिकावर इकडचे लग्न ठरायचे किंवा मोडायचे, हे वऱ्हाडी शेतकऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते-बंद भाव मुंबईला येऊ लागले तेव्हा त्यावर आकडा लावण्याचा नादही याच ओघात आला. तो विषय वेगळा, आणि रविवारच्या सकाळचा नव्हे.

दुसरी अमेरिका मिशनची. अकोल्याला अमेरिकन अलायन्स मिशनचे ठाणे होते, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट मिशनचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला वऱ्हाडावर लागोपाठ दोन दुष्काळ कोसळले. १८९६-९७चा आणि त्याहून भीषण असा १८९९-१९००चा. या काळात मिशनच्या लोकांनी अनाथ मुले सांभाळली, अन्न वाटले. १९०० साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचे जहाज दुष्काळग्रस्तांसाठी मका घेऊन मुंबईला आले, तेही तिकडच्या एका ख्रिस्ती नियतकालिकाने जमवलेल्या मदतीतून. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण मदत मागायची तर हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे छापावी लागतात, इकडच्या रूढींची वर्णने करावी लागतात. ती अमेरिकेतल्या घराघरात पोचली. मका इकडे आला आणि चित्र तिकडे गेले.

त्या चित्रात आपल्याच माणसांनीही रंग भरले होते, हे विसरता येत नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. १८८७ साली रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक तिथेच निघाले, आणि त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. रमाबाई खोटे लिहीत नव्हत्या. विधवांचे हाल खरेच होते. सहा वर्षांनी, १८९३ साली, शिकागोच्या धर्मपरिषदेत विवेकानंद उभे राहिले आणि अमेरिकनांना अगदी दुसरा हिंदुस्थान दिसला, ध्यान करणारा, तेजस्वी, गूढ. तेव्हापासून तिकडच्या मनात आपल्या दोन तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एकीत उपाशी विधवा, दुसरीत भगव्या वस्त्रातला स्वामी. १९०६ साली जाणारा विद्यार्थी या दोन्हींपैकी कोणीच नव्हता. त्याला ना कोणाची दया हवी होती, ना कोणाला मोक्ष द्यायचा होता. त्याला अभ्यास करायचा होता.

मुंबईला विल्सन महाविद्यालयात काही काळ काढून केतकर निघाले ते न्यूयॉर्क संस्थानातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्या काळात ज्या अनेक होतकरूंना हात दिला, त्यांत केतकरही होते. इथाका हे टेकडीवरचे लहानसे गाव, खाली कायुगा सरोवर, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. अमरावतीच्या मे महिन्यात वाढलेल्या जिवाला ते कसे मानवले असेल, देव जाणे. विद्यापीठ १८६५ साली एझ्रा कॉर्नेल या तारायंत्राच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या माणसाच्या देणगीतून उभे राहिलेले. कोणत्याही पंथाचे नाही, मुली शिकतात, तत्त्वज्ञानाच्या शेजारी शेतकीचे आणि यंत्रविद्येचे वर्ग चालतात. १९०४ साली तिथे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचा एक क्लबही निघाला होता. चीनचे पुढे नामवंत झालेले विचारवंत हू शी १९१० साली तिथेच शिकायला आले.

या देशाची एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पहिल्याच दिवशी चक्रावून टाकते. बऱ्या घरचा मुलगा खानावळीत ताटे उचलून फी भरतो आणि त्याच ताटावर बसणारा प्राध्यापक त्याला कमी लेखत नाही. माणसाला त्याच्या कामाविषयी विचारतात, घराण्याविषयी नाही. आपल्याकडे आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेला गृहस्थ आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग कोणाच्या घरचे. तिसऱ्या प्रश्नाला त्याला हवे ते कळलेले असते. काहून बाप्पा एवढी चौकशी, असे विचारले तर तो म्हणतो, सहज. अमेरिकन माणूस गोऱ्या अमेरिकनाला हे विचारत नाही. पण समोर हिंदी माणूस आला की तोही सहजच जात विचारतो. तुम्ही उच्च जातीचे की खालच्या? हिंदुस्थानाविषयी त्याला ठाऊक असलेल्या तीन-चार शब्दांत हा एक शब्द हमखास असायचा.

पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला निदान प्रश्नावर भागत होते. पश्चिम किनाऱ्यावर मजुरांचे काय होत होते ते पाहावे. १९०७च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन संस्थानातल्या बेलिंगहॅम गावी शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना मारझोड करून गावाबाहेर हाकलले. ते बहुतेक शीख होते, पण वर्तमानपत्रांच्या लेखी सगळेच हिंदू. पगडी असो, टोपी असो, नमाज पढणारा असो, नाव एकच. चित्र तयार असले की माणसाकडे पाहण्याचे कष्ट वाचतात.

अशा वातावरणात केतकरांनी प्रबंधाला विषय निवडला तो जातीचाच. मला त्यांच्या स्वभावाची सगळी किल्ली इथे सापडते. लोक ज्या प्रश्नाने बेजार होतात तोच त्यांनी अभ्यासाच्या मेजावर घेतला. १९०९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांचा हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासाचा पहिला इंग्रजी खंड इथाका येथेच छापला गेला. मनुस्मृती ही तिसऱ्या शतकाच्या सुमाराची धरून, तिच्या आधारे त्या काळचा समाज कसा होता याची त्यांनी तपासणी केली. दुसरा खंड, हिंदुत्वावरचा निबंध, १९११ साली लंडनला निघाला.

हे पुस्तक मी अकोल्याच्या एका जुन्या वाचनालयात प्रथम हाताळले. भाषा खडबडीत आहे, इंग्रजी तर आहेच, शिवाय केतकरी आहे. पण दोन गोष्टींनी मला खिळवून ठेवले. पहिली, त्यांची जातीची व्याख्या. ज्या गटात जन्मानेच शिरता येते आणि ज्याच्या सभासदाला बाहेर लग्न करायला मनाई असते, तो गट म्हणजे जात. सगळी उतरंड सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेवर उभी. झाले. धर्माचे गूढ नाही, वंशाचे गौडबंगाल नाही. आता ही व्याख्या हातात घेऊन त्या वेळची अमेरिका पाहावी. दक्षिणेत काळ्या माणसाला आगगाडीचा डबा वेगळा, १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारलेला. अनेक संस्थानांत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी. जन्माने प्रवेश आणि बाहेर लग्नाला मनाई, दोन्ही कसोट्या चपखल लागू पडतात. विचारणाऱ्याच्या अंगणातही तेच झाड उभे होते, नाव निराळे होते इतकेच. ही तुलना मी माझ्या पदरची करतो आहे, पण व्याख्या त्यांनी अशी घडवली की ती कुठेही लावून पाहता यावी.

दुसरी गोष्ट त्याहून धारदार आहे. त्या काळी माणसांची नाके आणि डोकी मोजून कोण आर्य, कोण द्रविड, हे ठरवण्याची टूम होती. १९०१च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले साहेब नाकाच्या मापावरून जातीची पायरी सांगत. हे सगळे शास्त्र म्हणून मिरवत होते, आणि आपल्याकडच्या कित्येक सुशिक्षितांना आपण साहेबाचे दूरचे भाऊबंद ठरतो म्हणून गुदगुल्याही होत होत्या. केतकरांनी पुस्तकाला परिशिष्टच जोडले ते या मानववंशशास्त्रातल्या मूलभूत दोषांवर. त्यांचे म्हणणे असे की, अमका आर्य की द्रविड हा प्रश्न हिंदुस्थानातल्या लोकांना कधी पडलाच नव्हता. परदेशी पंडित आले आणि त्यांनी ही रेघ ओढली. कातडीच्या रंगाचे महत्त्व आपल्याकडे केव्हाच मागे पडले होते. युरोप-अमेरिकेतला माणूस स्वतः वंशाच्या चष्म्यातून पाहतो, म्हणून त्याला इथेही वंशच दिसतात, असा त्याचा रोख. शेवटच्या मुद्द्याबाबत, लग्नाच्या जाहिरातीतली गोरी वधू डोळ्यांसमोर असल्यामुळे, मी केतकरांशी सहमत नाही. पण पंचविशीतल्या विद्यार्थ्याने परक्या देशात बसून तिथल्या मोठमोठ्यांच्या मोजपट्टीवरच बोट ठेवावे, याला छाती लागते.

त्या गुदगुल्यांची किंमत पुढे कळली. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिकत्वासाठी त्यांना गोरे ठरावे लागणार होते. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो उच्च जातीचे आर्य रक्त या मुद्द्याचा. न्यायालयाने निकाल दिला की, पंडित काही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि हे त्यांतले नव्हेत. ज्यांना नागरिकत्व मिळाले होते अशा अनेक हिंदी माणसांचे ते काढून घेण्याचे खटले मग सुरू झाले. दुसऱ्याच्या चित्रातली बरी खुर्ची मागायला गेले की असे होते. केतकरांनी चौदा वर्षे आधी त्या खुर्चीचेच पाय तपासले होते.

पण जात विचारणारा अमेरिकन सर्वस्वी चुकीचा होता का? इथे मला दुसऱ्या एका मराठी विद्यार्थ्याला आणल्यावाचून पुढे जाता येत नाही. केतकर परतल्यानंतर वर्षभराने, १९१३ साली, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी तिथल्या एका चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. त्यात आधीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या. फ्रेंच सेनार, इंग्रज नेस्फील्ड आणि रिस्ले, आणि चौथे केतकर. चौघांत एतद्देशीय ते एकटेच, आणि जातीचा विचार सुट्या गटाऐवजी सगळ्या व्यवस्थेच्या संदर्भात केल्याबद्दल आंबेडकरांनी त्यांना श्रेय दिले. लगेच त्यांची चूकही दाखवली, की जन्माने प्रवेश आणि बाहेर लग्नाला बंदी ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न बंद केले की प्रवेश आपोआप बंद.

दोघेही मराठी, दोघेही सयाजीरावांच्या आश्रयाने गेलेले. पण एकाला अमेरिकेत जातीचा प्रश्न नव्याने ऐकू आला, आणि दुसऱ्याला अमेरिकेत आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नापासून थोडा मोकळा श्वास मिळाला. केतकर चित्पावन घरातले होते. परक्याच्या तोंडून जात ऐकताना जे खटकते, ते घरच्यांच्या तोंडून रोज ऐकणाऱ्याला कसे वाटते, हे त्यांच्या ग्रंथात शोधून सापडत नाही. १९२७च्या नोव्हेंबरात हा प्रश्न केतकरांच्या अमरावतीच्या दाराशी येऊन उभा राहिला. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून इथे परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान आंबेडकरांनी भूषवले, आणि त्या बाजूने पापळचे पंजाबराव देशमुख ठाम उभे होते. जात हे मिशनऱ्यांनी रंगवलेले चित्र आहे, असे म्हणून अमरावतीला सुटता आले नसते.

अमेरिकेतही हे संपलेले नाही. २०२३च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले. तिथल्या हिंदी समाजात यावरून उभे दोन तट पडले. आमची बदनामी होते, असे एक म्हणतो. आम्हाला कामाच्या ठिकाणी हे सोसावे लागते, असे दुसरा म्हणतो. या दोघांनाही पंचविशीतले केतकर आणि पंचविशीतले आंबेडकर शेजारी ठेवून वाचायला द्यावेत असे मला फार वाटते.

आता परतीचा प्रवास. १९११ साली डॉक्टरेट मिळवून केतकर लंडनला आले, तिथे काही काळ राहिले, १९१२ साली मायदेशी आले. काही दिवस कलकत्ता विद्यापीठात शिकवले. आणि इथे त्यांच्यासाठी एक देशी चित्र तयारच होते. इंग्रजी राज्यात मान ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीला. अमेरिकेतली डॉक्टरेट म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असणाऱ्यांना तिचे अगत्य नव्हते. त्यात माणूस बोलतो वेगळे, मनसुबे प्रचंड, पैशाच्या गोष्टी उघडपणे करतो. विद्वानाने कसे असावे याचे आपल्याकडे एक ठरलेले माप आहे. त्याने गरीब असावे, संकोची असावे, आणि पुस्तक विकण्याची भाषा करू नये. या मापात न बसणाऱ्याला विक्षिप्त म्हणणे सोयीचे असते. परदेशात ज्याला देशावरून जोखले गेले, तो घरी आल्यावर परदेशावरून जोखला गेला.

ज्ञानकोशाचे काम पाहिले म्हणजे कळते की अमेरिकेतून त्यांनी खरोखर काय आणले. तिकडचा पोशाख आणला नाही, तिकडची पद्धत आणली. १९१०-११ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती निघाली. नाव इंग्रजी, पण धंद्याची सूत्रे हूपर नावाच्या अमेरिकनाच्या हाती. मोठमोठ्या जाहिराती, हप्त्याने पैसे, आगाऊ गिऱ्हाईक. केतकर तेव्हा अमेरिकेत आणि मग लंडनमध्येच होते. हे त्यांच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही. १९१६च्या सुमारास त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी नागपुरात उभी केली. राजाश्रय नाही, विद्यापीठाची गादी नाही, सरकारी अनुदान नाही. भाग विका, वर्गणीदार मिळवा, गावोगाव फिरा, व्याख्याने द्या, ज्ञान ही गिऱ्हाइकाला हवी असलेली वस्तू आहे हे पटवा. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत असे मानणाऱ्या समाजात एका पंडिताने हिस्सेपत्रे हातात घेऊन दारोदार हिंडावे, हे कित्येकांना रुचले नाही. भाग मात्र विकले गेले.

पुढे काम पुण्याला आले, स्वतःचा छापखाना झाला, संपादक मंडळाची कामे वाटून दिली गेली. एका पंडिताने जन्मभर एकट्याने लिहीत बसायचे, ही आपली रीत होती. इथे कारखान्यासारखी विभागणी होती आणि तारखा पाळण्याची घाई होती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे याच तालमीत तयार झाले आणि नंतर त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश केला. १९२०च्या दशकात तेवीस खंड एकामागून एक बाहेर पडले. घाईने नोंदींत उणिवा राहिल्या, भाषा कुठे कुठे ओबडधोबड झाली. पण पूर्ण झाले, हे मी आधी मोजतो. आपल्याकडे निर्दोष संकल्पांची स्मशाने पुष्कळ आहेत.

त्यातला पहिलाच खंड 'हिंदुस्थान आणि जग' या नावाचा आहे. वर्णमालेने सुरुवात करण्याआधी केतकरांना वाचकाला जगात उभे करायचे होते. या खंडात हिंदी माणसे परदेशी कुठे कुठे गेली, का गेली, तिथे त्यांचे स्वागत कसे झाले, याची खंडवार हकीकत आहे. देश सोडून गेलेल्या माणसाची कीव नाही, कौतुकही नाही. ते कोणत्या कामाला गेले, कोणत्या कायद्यांनी अडवले गेले, असा रोखठोक विचार आहे. बर्फातल्या पाच वर्षांची ही वसुली, असे मला वाटते.

एक हिशेब मात्र त्यांना ग्रंथात मांडता आला नाही, तो घरात मांडावा लागला. लंडनच्या मुक्कामात त्यांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू कुटुंबातल्या मुलीशी झाली होती. १९२० साली त्यांचा विवाह झाला. त्यासाठी त्यांनी व्रात्यस्तोम हा जुना वैदिक विधी शोधून काढला आणि एडिथ या शीलवतीबाई झाल्या. जन्माने प्रवेश मिळतो तीच जात, अशी व्याख्या छापणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात जन्माने नसलेल्या व्यक्तीला प्रवेश दिला. कायद्याने, विधीने दिला. पण पुण्यातल्या शेजाऱ्यांच्या मनात प्रवेश देण्याचा विधी कोणत्याही संहितेत नव्हता. शीलवतीबाई मराठी शिकल्या, लुगडे नेसल्या, घर चालवले आणि विंटरनिट्स यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले. १९२७ साली त्याचा पहिला भाग कलकत्त्याला निघाला, १९३३ साली दुसरा. भाषांतरकार म्हणून तिथे नाव आहे मिसेस एस. केतकर.

ज्ञानकोश संपला आणि पैसाही संपला. केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'गावसासू', 'ब्राह्मणकन्या'. परदेशी गेलेली माणसे, जातीच्या फटीत अडकलेल्या मुली, संस्थानी कारभार, सगळे विषय त्यांच्या मेजावरचेच, फक्त आता नावे-गावे घेऊन आलेले. कलाकुसर शोधणाऱ्या वाचकाची निराशा होते. समाज कसा चालतो हे पाहायला आवडणाऱ्याची रात्र जाते. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, मान मिळाला, ओढाताण तशीच राहिली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

शीलवतीबाई परत गेल्या नाहीत. त्या पुण्यातच राहिल्या, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी नवऱ्याच्या आणि आपल्या संसाराची हकीकत लिहिली. पुस्तकाचे नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. ते त्यांनी मराठीत लिहिले आहे.